विश्लेषण : मुंबईच्या थंडीत गाडीचे ॲव्हरेज घटते का? ‘बंद सिलिंडर’चे तंत्र काय सांगते?

जानेवारीतल्या पहाटे दादर पश्चिमेच्या फुलबाजारात टेम्पोंची रांग लागते. पुणे, नाशिक, सातारा भागातून आलेली फुले उतरतात आणि लहान गाड्या ती घेऊन परळ, लालबाग, गिरगावच्या दिशेने निघतात. निघण्याआधी अनेक चालक एक गोष्ट न चुकता करतात. इंजिन सुरू करून ठेवायचे आणि चहाच्या टपरीवर जायचे. थंडी आहे, गाडी जरा तापू दे, हा त्यामागचा विचार.

दुसरीकडे गाड्यांच्या शोरूममध्ये वेगळेच ऐकायला मिळते. गरज नसेल तेव्हा इंजिनाचे दोन सिलिंडर आपोआप बंद होतात, म्हणून पेट्रोल वाचते, असे ग्राहकाला सांगितले जाते. ही सोय असलेल्या इंजिनासाठी ग्राहक जास्त पैसेही मोजतो.

टपरीवरचा चालक आणि शोरूममधला ग्राहक, दोघांच्या खिशाचा हिशेब एकाच गोष्टीवर ठरतो : इंजिन किती तापलेले आहे. मुंबईत थंडी नावालाच असते, मग इथे हा प्रश्न येतोच कुठे? तर तो येतो आणि तोही बाराही महिने.

सिलिंडर बंद होतो म्हणजे नेमके काय?

चार सिलिंडरच्या इंजिनात चार पिस्टन वर-खाली होतात आणि गाडी ओढतात. चढावर किंवा ओव्हरटेक करताना चौघांचीही ताकद लागते. पण सपाट रस्त्यावर ठरावीक वेगाने जाताना त्या ताकदीचा लहानसा वाटाच पुरतो.

पेट्रोल इंजिनात गरज कमी झाली की हवा आत सोडणारी झडप जवळजवळ मिटते. मग चारही सिलिंडरना त्या बारीक फटीतून हवा ओढावी लागते. घट्ट लस्सी बारीक नळीने ओढताना गाल दुखतात, तसेच हे. या ओढण्यात वाया जाणाऱ्या ऊर्जेला ‘पंपिंग लॉस’ म्हणतात.

यावर उपाय म्हणजे दोन सिलिंडरना काम देणे थांबवायचे. त्यांचे व्हॉल्व्ह मिटलेले राहतात, इंधन जात नाही, ठिणगीही पडत नाही. सगळे ओझे उरलेल्या दोघांवर येते, त्यांना जास्त हवा लागते, म्हणून झडप अधिक उघडते आणि ओढण्याचा त्रास कमी होतो. बंद सिलिंडरमधला पिस्टन थांबत नाही. आत अडकलेली हवा दाबली जाते आणि पुन्हा फुगते, एखाद्या स्प्रिंगसारखी. चालकाला बहुतेक वेळा यातले काही जाणवतही नाही.

हे तंत्र आले कुठून?

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९८१ मध्ये कॅडिलॅकने आठ, सहा किंवा चार सिलिंडरवर चालू शकणारे इंजिन आणले. पण त्या काळचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण या कामाला पुरे पडले नाही आणि एका वर्षातच बहुतेक मॉडेलमधून ते काढून टाकावे लागले.

संगणक वेगवान झाल्यावर, २००० नंतरच्या दशकात जनरल मोटर्स आणि क्रायसलर यांनी ते मोठ्या आठ सिलिंडर इंजिनांत पुन्हा आणले. अमेरिकेत ‘ट्रक’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पिकअप येते आणि या पिकअपमध्ये हे तंत्र चांगलेच रुळले. शेव्हरले सिल्व्हराडोच्या २०१९च्या मॉडेलमध्ये तर आठ सिलिंडर १७ वेगवेगळ्या जुळण्यांनी चालू-बंद करण्याची सोय आली.

युरोपात फोक्सवॅगनने २०१२ मध्ये १.४ लिटरच्या लहान इंजिनात ते बसवले. मिनिटाला १४०० ते ४००० फेऱ्यांच्या दरम्यान आणि इंजिनावर ताण कमी असतानाच मधले दोन सिलिंडर बंद होत. त्यातून १०० किलोमीटरमागे ०.४ लिटर इंधन वाचते, असा कंपनीचा दावा होता.

महाराष्ट्रात तयार होणाऱ्या गाड्यांतही हे तंत्र आले. पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन या गाड्या २०२१ मध्ये, तर स्लाव्हिया आणि व्हर्टस २०२२ मध्ये बाजारात आल्या. त्यांच्या १.५ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनात दोन सिलिंडर बंद करण्याची सोय आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या मालवाहू ट्रक-टेम्पोत मात्र हे तंत्र नाही.

इंजिन थंड असताना ते काम का करत नाही?

गाडी थंड असते तेव्हा इंजिनाचा संगणक सिलिंडर बंद करण्याची परवानगीच देत नाही. त्याची कारणे चार.

पहिले कारण ऑइल. अमेरिकी पिकअपमध्ये सिलिंडर बंद करण्याचे काम ऑइलच्या दाबाने होते. तो दाब एक छोटी पिन सरकवतो आणि व्हॉल्व्ह उघडणे थांबते. हे सगळे सेकंदाच्या अगदी लहान अंशात व्हावे लागते. थंड ऑइल काकवीसारखे घट्ट असते, त्यामुळे पिन वेळेवर सरकेल याची खात्री नसते. फोक्सवॅगनच्या इंजिनात हे काम विद्युतचुंबक करतो. तरी पुढची तीन कारणे त्यालाही चुकत नाहीत.

दुसरे कारण घर्षण. ऑइल घट्ट असेल तर इंजिन नुसते फिरवायलाही जास्त ताकद लागते. मग दोन सिलिंडर पुरतील इतके ओझे हलके राहतच नाही.

तिसरे कारण उष्णता. बंद सिलिंडरमध्ये ज्वलन नाही, म्हणजे ऊबही नाही. इंजिन आधीच थंड असताना दोन सिलिंडर आणखी थंड ठेवले तर ते असमान तापते आणि तापायला जास्त वेळ घेते.

चौथे कारण धूर. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय विषारी वायू नीट साफ करत नाही. त्यामुळे सुरुवातीला संगणक त्याला लवकर तापवण्यासाठी मुद्दाम जास्त उष्णता बाहेर सोडतो. इंधनबचतीचा विचार त्यानंतर.

मुंबईच्या जुन्या टॅक्सीचालकांना यातला अर्धा भाग समजावून सांगावा लागणार नाही. कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये टॅक्सी म्हणून शहराच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. थंडीच्या सकाळी तिचा चोक ओढावा लागे. चोक ओढणे म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. आजच्या गाडीत चोकची कळ दिसत नाही, पण थंड इंजिनाला जास्त इंधन पाजण्याचे काम संगणक गुपचूप करतच असतो.

थंडीने ॲव्हरेज किती घटते?

अमेरिकी सरकारच्या इंधनविषयक माहितीनुसार, साधी पेट्रोल गाडी शहरात २५ अंश सेल्सिअसला जितके ॲव्हरेज देते, त्यापेक्षा उणे ७ अंशाला सुमारे १५ टक्के कमी देते. प्रवास जेमतेम तीन-चार मैलांचा, म्हणजे पाच-सहा किलोमीटरचा असेल तर ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

यात घट्ट ऑइल आणि जास्त इंधन ही दोन मोठी कारणे आहेत. शिवाय थंड हवा दाट असते. तीस अंशांच्या हवेपेक्षा पंधरा अंशांची हवा सुमारे पाच टक्के दाट असते आणि हायवेवर तेवढा विरोध वाढतो. टायरमधली हवाही आकसते. कारच्या टायरमध्ये तापमान दहा अंशांनी उतरले की दाब दीड-दोन पीएसआयने उतरतो. शंभर पीएसआय भरलेल्या ट्रकच्या टायरमध्ये ही घट जवळपास चारची असते. टायर मऊ झाला की गाडी ओढायला जड जाते.

मुंबईत एवढी थंडी असते तरी कुठे?

नसतेच. सांताक्रूझच्या वेधशाळेतले आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश आहे आणि ते २२ जानेवारी १९६२ चे आहे. गिरगाव ते दादर हा पट्टा समुद्राला लागून, दाट वस्तीचा. इथे जानेवारीतही पहाटेचा पारा बहुधा १७-१८ अंशांच्या खाली फारसा जात नाही.

पण हिशेब हवेच्या तापमानाचा नाही. इंजिनाला किती तापायचे आहे, याचा आहे. बहुतेक इंजिनांचे कूलंट साधारण ९० अंशांवर असताना ती नीट चालतात. आता आकडे मांडून पाहा :

मुंबईत मे महिन्यातली पहाट २८ अंश. इंजिनाला ६२ अंशांनी तापायचे आहे.

मुंबईत जानेवारीतली पहाट १८ अंश. तापायचे आहे ७२ अंशांनी.

निफाडमध्ये कडाक्याच्या थंडीतली पहाट ५ अंश. तापायचे आहे ८५ अंशांनी.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटमधली हिवाळ्यातली सकाळ उणे १० अंश. तापायचे आहे १०० अंशांनी.

म्हणजे डेट्रॉइटच्या पिकअपला हिवाळ्यात जेवढी मजल मारायची असते, त्यातली साठ टक्क्यांहून जास्त मजल गिरगावातल्या गाडीला ऐन मे महिन्यातही मारावीच लागते. थंड हवा मुंबईत नाही, पण रात्रभर उभे राहिलेले इंजिन मुंबईतही थंडच असते.

गिरगाव ते दादर अंतर सात-आठ किलोमीटरचे. लालबाग ते परळ तर हाकेच्या अंतरावर. तापमानाचा काटा मध्यावर आला की आपल्याला वाटते गाडी तापली. पण तो काटा कूलंटचा. ऑइल त्याच्याही नंतर तापते. ते पुरेसे तापेपर्यंत प्रवास संपलेला असतो. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरचे सिग्नल, गर्दी आणि थांबत-थांबत चालणे. सिलिंडर बंद होण्यासाठी लागणारा एकसारखा वेग मिळतो कुठे?

त्यामुळे रोज एवढाच प्रवास करणाऱ्याने ‘दोन सिलिंडर बंद’ या सोयीसाठी जास्त पैसे मोजण्याआधी विचार करावा. वर्षाला दहा हजार किलोमीटर आणि १०० किलोमीटरमागे ०.४ लिटरची पूर्ण बचत धरली तरी वर्षाचे ४० लिटर होतात. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरल्यास सुमारे ४,१६० रुपये. तीही पूर्ण बचत मिळाली तर. गाडी नियमित पुणे-नाशिकला जात असेल तर या सोयीचा उपयोग नक्की होतो. मरीन ड्राइव्हहून १०.५८ किलोमीटरच्या कोस्टल रोडने वरळीकडे जाणाऱ्याला एकसारखा वेग मिळतो, पण घरून नुकत्याच निघालेल्या गाडीचे इंजिन तोवर जेमतेम तापलेले असते. टेम्पो आणि अवजड वाहनांना तर त्या रस्त्यावर प्रवेशच नाही.

मग जानेवारीत ॲव्हरेज वाढल्यासारखे का वाटते?

अनेक मुंबईकरांचा हा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. त्याचे कारण एसी. कडक उन्हाळ्यात एसीमुळे ॲव्हरेज २५ टक्क्यांहूनही जास्त घसरू शकते, विशेषतः छोट्या प्रवासात. जानेवारीत एसी बंद असतो किंवा कमी लागतो. थंड सुरुवातीचा तोटा दहा अंशांच्या फरकाने थोडासाच वाढतो आणि एसीची बचत त्याहून मोठी ठरते.

म्हणून अमेरिकेतल्या नातेवाइकांनी सांगितलेले ‘हिवाळ्यात ॲव्हरेज पडते’ हे मुंबईला जसेच्या तसे लागू होत नाही. इथे तोटा होतो तो ऋतूमुळे कमी आणि छोट्या-छोट्या फेऱ्यांमुळे जास्त.

डिझेल ट्रक आणि टेम्पोचे गणित वेगळे आहे का?

हो, बरेच वेगळे. डिझेल इंजिनात हवा अडवणारी तशी झडप मुळात नसते. हवा पूर्ण घेतली जाते आणि ताकद ठरते ती डिझेलच्या मात्रेवर. त्यामुळे सिलिंडर बंद करून ‘पंपिंग लॉस’मधली मोठी बचत डिझेलमध्ये मिळत नाही.

तरीही परदेशात अवजड ट्रकच्या इंजिनांसाठी या तंत्रावर काम झाले आहे. अमेरिकेतल्या कमिन्स, जेकब्स, टुला या कंपन्यांची नावे त्यात येतात. त्यामागचा मोठा हेतू धूर गरम ठेवण्याचा आहे. रिकामा किंवा हळू चालणारा ट्रक भरपूर हवा ओढतो, पण डिझेल कमी जाळतो. त्यामुळे धूर थंड पडतो. नायट्रोजन ऑक्साइड साफ करणाऱ्या एससीआर यंत्रणेला मात्र साधारण २०० अंशांच्या वरचा धूर लागतो. निम्मे सिलिंडर बंद केले की हवा कमी जाते, उरलेल्यांवर भार वाढतो आणि धूर तापतो. म्हणजे पेट्रोल पिकअपमध्ये थंडीमुळे जे तंत्र अडते, तेच तंत्र डिझेल ट्रकमध्ये यंत्रणा ऊबदार ठेवायला कामी येते.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि ट्रक-टेम्पोतही धूर साफ करणाऱ्या यंत्रणा आल्या. त्यातला काजळी धरून ठेवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, हा शहरातल्या चालकाचा खरा डोकेदुखीचा विषय. साठलेली काजळी जाळायला धूर खूप गरम व्हावा लागतो. निफाडहून रात्री निघालेला ट्रक कसारा घाट उतरून पहाटे मुंबईत येईपर्यंत काही तास तापलेला असतो. त्याची थंड सुरुवात दोनशेच्या आसपास किलोमीटरवर विभागली जाते आणि फिल्टरही साफ होतो. याउलट दादर-लालबाग-परळमध्ये दिवसभर दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या टेम्पोचा धूर पुरेसा तापतच नाही. काजळी साठते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मग गॅरेजचा खर्च.

पहाटे इंजिन तापवत ठेवावे का?

मुंबईत तरी गरज नाही. जागेवर सुरू ठेवलेल्या इंजिनावर भार नसतो, म्हणून ते सावकाश तापते. हळू चालवलेली गाडी त्यापेक्षा लवकर तापते. अमेरिकेच्या थंडीतही आधुनिक गाडी सुरू करून साधारण अर्ध्या मिनिटात निघावे, असाच सल्ला तिथले सरकार देते.

हिशेब करू. लहान टेम्पो जागेवर तासाला पाऊण लिटर डिझेल पितो असे धरू. रोज पंधरा मिनिटे, महिन्याचे २६ दिवस. झाले जवळपास पाच लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर महिन्याला सुमारे ४४० आणि वर्षाला पाच हजारांवर रुपये. एवढे पैसे देऊन गाडी एक मीटरही पुढे गेलेली नसते. मोठा ट्रक तर जागेवर तासाला तीन लिटरच्या आसपास डिझेल जाळतो.

एक अपवाद आहे. एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये ब्रेकचा हवेचा दाब भरेपर्यंत थांबावेच लागते. तो काटा योग्य जागी आल्याशिवाय गाडी हलवू नये. पण त्याला काही मिनिटे पुरतात, चहाची पूर्ण बैठक लागत नाही.

यात नुकसान फक्त चालकाचे नाही. धूर साफ करणारी यंत्रणा थंड असते तेव्हाच सर्वांत घाण धूर बाहेर पडतो. हिवाळ्यात मुंबईचा वारा मंदावतो, पहाटेची जमिनीलगतची गार हवा वर जात नाही आणि धूर गल्लीतच रेंगाळतो. लालबागच्या चाळींच्या खिडक्या रस्त्यापासून हातभर अंतरावर आहेत. परळमध्ये टाटा आणि केईएम रुग्णालयांच्या परिसरात बाहेरगावाहून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक फूटपाथवर रात्र काढतात. पंधरा मिनिटे ‘तापत’ असलेल्या गाडीचा धूर पहिल्यांदा त्यांच्या नाकात जातो.

चालकाने आणि ग्राहकाने काय करावे?

गाडी सुरू करून अर्ध्या-एक मिनिटात निघावे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर ॲक्सिलरेटर हलक्या पायाने दाबावा. टर्बो इंजिन थंड असताना जोरात रेस करू नये.

फेऱ्या जोडून घ्याव्यात. तापलेले इंजिन काही वेळ ऊब धरून ठेवते. सकाळी एक, दुपारी एक आणि संध्याकाळी एक अशा तीन थंड सुरुवातींपेक्षा सलग तीन फेऱ्या स्वस्त पडतात.

हिवाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा टायरची हवा तपासावी, तीही गाडी फार न चालवता, टायर थंड असताना.

ऑइल कंपनीने पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच घालावे. ‘जाड ऑइल म्हणजे इंजिन टिकते’ हा जुना समज आजच्या इंजिनांना लागू नाही. जास्त घट्ट ऑइल म्हणजे प्रत्येक थंड सुरुवातीला जास्त इंधन.

डीपीएफचा दिवा लागला तर तो टाळू नये. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग चालवून फिल्टर साफ होऊ द्यावा.

आणि नवी गाडी घेताना विक्रेत्याला ‘किती ॲव्हरेज देते’ हे विचारण्याआधी स्वतःला विचारावे, की आपली रोजची फेरी किती किलोमीटरची? पाच-सात किलोमीटरची असेल तर दोन सिलिंडर बंद करणाऱ्या इंजिनापेक्षा ट्रेन, बस किंवा पायी चालणे जास्त इंधन वाचवते. फुलबाजारातल्या चालकाला हे पर्याय नाहीत. त्याने चहा आधी प्यावा, चावी नंतर फिरवावी. एवढ्यानेही वर्षाचे पाच हजार त्याच्या खिशात राहतील.